२००३ची शातो पावी : एकाच वाइनवर जाणकारांची दोन टोकं का?

मागच्या अंकात आम्ही एक ओळ लिहिली होती : फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या शातो पावी या नामवंत रेड वाइनच्या २००३च्या उत्पादनाला एका समीक्षकाने जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले, तर दुसरीने २०पैकी १२. त्या एका ओळीवर पुण्यातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

दोघंही नावाजलेले समीक्षक, वाइन एकच. मग दोघांपैकी एकाचं चुकलं असणारच ना? (कोथरूड)

आधी नेमकं काय झालं ते सांगतो. बोर्दोत द्राक्षं शरद ऋतूत तोडली की पुढच्या वसंतात, साधारण एप्रिलमध्ये, समीक्षकांना आणि व्यापाऱ्यांना थेट पिंपातली वाइन चाखायला देतात. ती तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची असते. बाटलीत जायला अजून वर्ष-दीड वर्ष असतं. २००४च्या वसंतात २००३च्या वाइन अशाच चाखल्या गेल्या. अमेरिकेचे रॉबर्ट पार्कर यांनी पावीला अतिशय वरचे गुण दिले, ब्रिटनच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांनी २०पैकी १२. त्यानंतर दोन्ही बाजूंनी जाहीर वाद झाला आणि ब्रिटनमधले क्लाइव्ह कोट्सही नापसंतीच्या बाजूला उभे राहिले.

पावी हा सँतेमिलियाँ गावाच्या दक्षिणेला चुनखडीच्या उतारावरचा मळा आहे. १९९८मध्ये तो जेरार पेर्स यांनी विकत घेतला. घड पूर्ण पिकू द्यायचे, वेलीवर कमी ठेवायचे आणि सालीतून रंग-तुरटपणा भरपूर काढायचा, अशी त्यांची पद्धत. त्या वर्षीच्या वाइनमध्ये सुमारे ७० टक्के मेर्लो जातीचं द्राक्ष आहे, उरलेल्या जाती काबर्ने फ्राँ आणि काबर्ने सोव्हिन्याँ. मेर्लो लवकर पिकतं आणि त्यात साखर पटकन चढते. त्यात २००३चा उन्हाळा. म्हणजे दाट, काळीभोर, गोडसर वासाची वाइन होणार हे ठरलेलंच होतं.

दाटपणा दोघांनाही दिसला. रॉबिन्सन यांना तो पोर्टसारखा (पोर्ट म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन), वेलीवर फार काळ राहिलेल्या द्राक्षांचा आणि बोर्दोला न शोभणारा वाटला. पार्कर यांनी तो दोष धरला नाही. त्यांना त्या दाटपणाखाली चुनखडीच्या जमिनीचं खनिजपण आणि वर्षानुवर्षं मुरण्याची ताकद दिसली. उतरायला लागलेला हापूस आठवा. आमरसाला हाच हवा म्हणणारे एकाच घरात असतात आणि ‘उतरलाय, नको’ म्हणणारेही. आंबा तोच असतो, वास दोघांनाही तोच येतो.

म्हणून ‘कोणाचं चुकलं’ यापेक्षा ‘हा समीक्षक कशाला चांगलं म्हणतो’ हे माहीत असणं फार उपयोगाचं आहे. पार्कर यांचं नाव झालं ते १९८२च्या बोर्दोमुळे. ते वर्षही उष्ण आणि पिकलेलं होतं. रॉबर्ट फिनिगन यांच्यासारख्या तेव्हाच्या काही समीक्षकांना त्या वाइनमध्ये आंबटपणा कमी वाटला होता, पार्कर यांनी मात्र त्या पहिल्यापासून उचलून धरल्या आणि काळाने त्यांची बाजू घेतली. पिकलेपणाकडे बघण्याची त्यांची नजर तिथे घडली. रॉबिन्सन यांची मोजपट्टी वेगळी आहे : ताजेपणा, तोल, आणि वाइन ज्या गावची आहे त्या गावासारखी लागते का. आमचं मत विचाराल तर वयाच्या विशीपलीकडे गेलेल्या वाइनसाठी आंबटपणाचा कणा लागतो, आणि त्या बाबतीत आम्ही रॉबिन्सन यांच्या बाजूने झुकतो. पण २०पैकी १२ हे आम्हालाही फार कडक वाटतात.

अजून एक गोष्ट विसरू नका. पिंपातल्या नमुन्याला दिलेले गुण पार्कर कंसात आणि पल्ल्यात देत, उदाहरणार्थ ९० ते ९२. म्हणजे ‘अजून पक्कं नाही’ हे ते स्वतःच सांगत होते. दुकानदार कंस काढून वरचा आकडा तेवढा छापतो, तिथे वाचक फसतो.

२०पैकी १२ म्हणजे ६० टक्के. म्हणजे पहिल्या वर्गात पास! मग एवढा गदारोळ कशाला? (सदाशिव पेठ)

शाळेच्या गुणपत्रिकेचा हिशेब इथे लागू होत नाही. रॉबिन्सन यांच्या मोजपट्टीवर १५ म्हणजे सर्वसाधारण, १६ चांगली, १७ आणि १८ उत्तरोत्तर वरचढ. १४ म्हणजे कंटाळवाणी, १३ सदोषाच्या उंबरठ्यावर, आणि १२ म्हणजे सदोष किंवा तोल गेलेली. ही सगळ्यात खालची पायरी. सँतेमिलियाँच्या पहिल्या फळीतल्या मळ्याला ती मिळणं ही मोठी गोष्ट होती. (२०१२च्या वर्गवारीत हाच मळा सर्वोच्च ‘अ’ गटात गेला.)

पार्कर यांची १००ची मोजपट्टी सुरूच ५०पासून होते. उरलेले ५० असे : रंग-रूपाला ५, वासाला १५, चव आणि घोट गिळल्यावर रेंगाळणाऱ्या चवीला २०, एकूण दर्जा आणि मुरण्याच्या क्षमतेला १०. त्यामुळे ८५ आणि ९५मधलं अंतर १० टक्क्यांचं नसतं, खऱ्या ५० गुणांतल्या १० गुणांचं असतं. त्यांच्याकडे ७०-७९ म्हणजे सर्वसाधारण आणि ९६पासून पुढे असामान्य.

दोन मोजपट्ट्यांचं एकमेकांत रूपांतर करायला जाऊ नका.

आमची जुन्नर तालुक्यात द्राक्षबाग आहे. आमच्याकडे मार्चमध्ये ३८ अंशांतही माल निघतो. मग फ्रान्समध्ये एका उन्हाळ्याने एवढं काय बिघडलं? (नारायणगाव)

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण याचं उत्तर तुम्हाला अर्धं आधीच ठाऊक आहे.

तुम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) घेता. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागतो, ते थंडीत, रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर असताना. ऊन चढतं ते अगदी तोडणीच्या तोंडावर, आणि तेव्हाही ठिबक चालू असतं. बोर्दोची वेल हिवाळ्यात झोपते, जूनमध्ये फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये पाणी उतरतं आणि एरवी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी चालते. २००३मध्ये उष्णतेची लाट आली ती नेमकी ऑगस्टच्या पूर्वार्धात, पाणी उतरण्याच्या टप्प्यावर. रात्रीही हवा निवत नव्हती. ठिबक नाही, कारण तिथल्या नामांकित वाइनच्या नियमांत उभ्या बागेला पाणी देणं बसत नव्हतं. पांढरी द्राक्षं ऑगस्टच्या मध्यालाच तोडायला लागली. १८९३नंतरची ती सगळ्यात लवकरची तोडणी मानतात.

आता मण्यात काय होतं ते बघा. साधारण ३५ अंशांच्या वर पानाची रंध्रं मिटतात, अन्न तयार करणं जवळपास थांबतं. तरीही ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) चढत राहतं, कारण मणी सुकतो आणि आतला रस आटतो. दुसरीकडे मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत जळून जातं. म्हणजे गोडी वर, आंबटपणा खाली. आणि बी व साल यांतला तुरटपणा पिकायला लागणारे दिवसच मिळत नाहीत. जाणकार मळेवाला तोडणीआधी बी चावून बघतो : तपकिरी, कुरकुरीत, भाजल्या दाण्यासारखी लागली तर तयार; हिरवट आणि कडू लागली तर नाही. २००३मध्ये अनेक बागांत रसाचं ब्रिक्स तोडणीजोगं आणि बी हिरवी, असा पेच पडला. थांबावं तर आंबटपणा आणखी घटतो, तोडावं तर वाइन कडवट-तुरट होते.

खाण्याच्या द्राक्षाला तुम्ही १८ ब्रिक्सच्या आसपास समाधान मानता. रेड वाइनला २४ लागतं, त्यातून साडेतेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल बनतं. २७ झालं की १५च्या पुढे जातं आणि घोट घशाशी गरम लागतो.

नेहमी घडाभोवतीची पानं काढणाऱ्यांच्या बागेत त्या वर्षी मणी भाजले. ज्यांनी पानं कमी काढली ते वाचले. जमिनीनेही फरक पाडला. बोर्दोच्याच मेदोक भागात, उत्तरेकडच्या सँतेस्तेफ गावच्या चिकणमातीने पाणी धरून ठेवलं, म्हणून तिथली शातो मोंत्रोज त्या वर्षी वाखाणली गेली. रेताड आणि गोट्यांच्या जमिनीवरचं कोवळ्या वेलींचं मेर्लो मात्र होरपळलं. पावीखालची चुनखडीही ओल धरते. म्हणून ‘२००३ वाईट’ किंवा ‘२००३ उत्तम’ असं सांगणारा वर्षवार तक्ता हातात पडला तर तो बाजूला ठेवावा. त्या वर्षी गावागावात, एवढंच काय, एका मळ्याच्या दोन बांधांतही फरक होता.

पुतण्याने २०१०मध्ये फ्रान्सहून २००३च्या दोन बोर्दो आणल्या होत्या. हॉलच्या शोकेसमध्ये ठेवल्या. एक आता उघडली तर जॅमसारखी लागली. समीक्षक २००३ला ‘जॅमी’च म्हणतात. मग ही चव मूळचीच, की आमच्याकडे बिघडली? (औंध)

उष्णतेच्या या दोन वेगळ्या खुणा आहेत. एक वेलीवर लागलेली, एक बाटलीत लागलेली. त्या ओळखता येतात.

वेलीवरच्या उष्णतेची वाइन जॅमसारखी लागली तरी भरलेली असते. करवंद-जांभळाचा मुरांबा, सुकं अंजीर, जरा चॉकलेट, आणि घोट गिळल्यावर हिरड्यांना कोऱ्या चहासारखी पकड. बाटलीत तापलेल्या वाइनमधून फळ निघून जातं. उरतो तो काकवीचा, जुन्या गुळाचा, उकळलेल्या मनुकांचा, कधी खवट अक्रोडाचा वास. चव सुरू होते आणि लगेच संपते.

उघडलेल्या बाटलीची शहानिशा अशी करा. पेल्यात ५० मिली घ्या, पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला विटेचा रंग दिसणं वीस वर्षांच्या वाइनला अगदी योग्य. पण मधला भागही चहासारखा तपकिरी झाला असेल तर हवा लागलेली आहे. मग बूच बघा. वाइनला टेकलेलं टोक लाल असणारच. लाल रेघ बाजूने वरपर्यंत गेली असेल आणि गळ्यावरच्या वेष्टनाच्या आत चिकट लागत असेल, तर गळती झाली आहे. दुसरी, न उघडलेली बाटली उभी करून पातळी बघा. या वयाला ती गळ्यात किंवा गळ्याच्या तळाशी असावी. खांद्यापर्यंत उतरली असेल तर आशा कमी. बूच काचेच्या वर डोकावत असेल तर जवळजवळ नक्कीच तापली आहे.

असं का होतं, याचा हिशेब साधा आहे. ७५० मिली वाइन २० अंशांवरून ४०वर गेली की साधारण ५ मिलीने फुगते. बाटलीच्या गळ्यात ती जवळपास दोन सेंटिमीटर वर चढते. तिथली हवा दाबली जाते आणि बूच ढकललं जातं. रात्री वाइन निवते, आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. पुण्यात एप्रिल-मे असा रोजचा चढ-उतार असतो. पंधरा उन्हाळ्यांत ही ये-जा किती वेळा झाली असेल! त्यात पश्चिमेच्या भिंतीवरचं शोकेस म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत तापणारी पेटी, आणि वरून दिव्याचा उजेड.

वर्णनावरून तुमची बाटली दोन्ही उष्णता सोसलेली दिसते. दुसरी आता ठेवू नका. २००३मध्ये मुळात आंबटपणा कमी, त्यामुळे नीट जपलेल्या बाटल्याही बहुतेक पिऊन टाकण्याच्या वयात आहेत.

पुढच्या बाटल्यांसाठी : १२ ते १४ अंश आणि त्यात चढ-उतार नाही, हे वाइनच्या फ्रिजमध्येच जमतं. तो नसेल तर वरच्या मजल्यावरचा माळा टाळा. आतल्या भिंतीच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, आडवी ठेवा, आणि अशी बाटली एका उन्हाळ्यापलीकडे ठेवू नका. पावसाळ्यातली ओल बुचाला मानवते, लेबलाला नाही. लेबलावर बुरशी येऊ नये म्हणून बाटलीला स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळा. वीज गेली तर वाइनच्या फ्रिजचं दार उघडू नका. भरलेल्या बाटल्या तापायला बराच वेळ घेतात.

इतकी जुनी बाटली उघडायची कशी? बूच तुटतं. (बिबवेवाडी)

आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. फ्रिजमध्ये उभीच ठेवून १७-१८ अंशांपर्यंत आणा. मे महिन्यात ३२ अंशांच्या खोलीतून काढलेल्या बाटलीला त्यासाठी दोन-अडीच तास लागतात. बर्फाच्या पाण्यात ते पंधरा मिनिटांत होतं, पण हलवाहलवीत गाळ उठतो, म्हणून ती युक्ती कोवळ्या वाइनलाच.

जुनं बूच स्क्रूने ओढलं की मधून चुरतं. दोन पातळ पात्यांचं उपकरण मिळतं, ते वापरा. लांब पातं आधी, मग आखूड, बूच आणि काच यांच्या मधून झुलवत खाली घाला आणि गोल पिळत वर काढा. ढकलू नका, नाहीतर बूच आत जाईल. तसं झालंच तर स्टीलच्या बारीक गाळणीतून गाळा. नुकसान काही नाही.

ओतताना गळ्याच्या मागे मोबाइलचा दिवा धरा. एकाच संथ धारेत ओता. गाळाची काळी रेघ गळ्याशी आली की थांबा, शेवटचे ४०-५० मिली सोडून द्या. ओतल्यावर तासन्‌तास वाट बघू नका. कोवळ्या वाइनला दोन तास हवा लागली तर ती खुलते, विशीतली अर्ध्या तासात मावळू शकते. आधी थोडी चाखा, मग ठरवा.

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या पोत्याचा वास आला तर तो बुचातला दोष आहे. हवेने तो जात नाही, उलट वाढतो.

आम्ही सहा मित्र महिन्यातून एकदा वाइन चाखायला बसतो. कोणी एकाने ‘हिला ९५ आहेत’ म्हटलं की सगळ्यांना तीच आवडते. काय करावं? (बाणेर)

बाटल्या कागदी पिशवीत घाला, गळ्याला रबर लावा, बाहेर फक्त क्रमांक. वेष्टन पूर्ण काढा, कारण त्यावरूनही ओळखू येतं. पिशव्या घालणारा वेगळा आणि क्रमांक टाकणारा वेगळा ठेवा, म्हणजे कोणालाच माहीत नसेल. एका वेळी चार-पाच वाइन पुरे. माणशी ५० मिली, म्हणजे एका बाटलीत सहा जणांचा घोट दोन वेळा होतो. त्याचा फायदा घ्या : एकच वाइन दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवा. दोन्हींना तुम्ही वेगळे गुण दिले तर आपल्या जिभेचा पल्ला किती ते कळतं. ही एक युक्ती महिनोन्‌महिने वाचनापेक्षा जास्त शिकवते.

सगळे लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. आणि आकड्याआधी चार ओळी : रंग, वास, तुरटपणा कुठे लागला (जिभेवर, गालांना, हिरड्यांना), गिळल्यावर चव किती सेकंद राहिली. सकाळी अकराची वेळ उत्तम, जेवणाआधीची. उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा आणि स्वयंपाकघरातली फोडणी, चारही त्या खोलीपासून लांब. थुंकायला भांडं ठेवा, लाजू नका. सगळे समीक्षक थुंकतात. मध्ये साधा पाव आणि पाणी.

तुरटपणा तोंडात साठत जातो हे लक्षात घ्या. सुपारी खाल्ल्यावर पुढचा घास कसा लागतो, तसंच. त्यामुळे रांगेतली शेवटची वाइन उगाचच कडक वाटते आणि त्या रांगेत जी दाट, गोडसर, जास्त अल्कोहोलची आहे ती उठून दिसते. पिंपातल्या शेकडो नमुन्यांच्या चाखणीत पावीसारख्या वाइनला हा फायदा मिळतो, असं आम्हाला वाटतं. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा आणि आधीचे गुण झाकून पुन्हा द्या.

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि परवाना लागतो, तो प्रत्येकाने काढून ठेवावा.

परदेशातून येताना किती बाटल्या आणता येतात? (कल्याणीनगर)

माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय. म्हणजे ७५० मिलीच्या दोन. तिसरीने २२५०चा आकडा होतो, तिच्यावर शुल्क भरावं लागतं. सामानात कपड्यांच्या मधोमध, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि घरी पोचल्यावर दोन-तीन आठवडे विसरून जा. प्रवासाने हललेला गाळ बसायला तेवढा वेळ लागतोच.

पावीसारख्या वाइनबरोबर आपल्याकडचं काय जेवावं? (कॅम्प)

तिखट नको. मिरचीने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात, आणि वाइनचा वास मरतो. मटणातलं प्रथिन आणि चरबी तुरटपणाला धरतात, म्हणून मटण उत्तम, पण तांबडा रस्सा बाजूला ठेवून पांढरा घ्या, मिरे जरा हात राखून. शाकाहारात लोण्यावर परतलेली अळंबी, मीठ आणि किंचित मिरपूड एवढंच. लिंबू पिळू नका. कमी आंबटपणाची २००३ लिंबापुढे सपक लागते.